चुरस

कर्जत-खालापूरच्या गावांत भाताची झोडणी उरकली, की थंडीच्या रात्री कबड्डीचे सामने रंगू लागतात. कोणाचा गडी सरस, यावर प्रेक्षकांत कडाक्याचा वाद होतो. आपलाच संघ जिंकावा असे प्रत्येकास वाटते. पण निकाल आधीच ठाऊक असेल, तर त्या खेळात गोडी ती कसली! म्हणूनच की काय, नव्या नियमांत अडचणीतल्या संघालाही आधार आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता त्यांनी चढाई करणाऱ्यास पकडले, तर एक गुण जादा मिळतो.

आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० ते २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. २०१८ साली जकार्ता येथे उपांत्य सामन्यात मात्र इराणने भारतास हरविले. पुढे २०२३ मध्ये हांगझाऊ येथे भारताने सुवर्णपदक परत मिळविले, तेही इराणशीच झुंजून आणि अवघ्या चार गुणांनी.