माथ्यावरचा चर आणि पायथ्याची विहीर

'माथा ते पायथा' हे शब्द तुम्ही ऐकलेच असतील. पाणलोटाचं काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू करायचं आणि ओढ्यापर्यंत खाली यायचं, हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नकोच. पण माथा ज्याच्या सातबाऱ्यावर आहे त्याचं काय, हा प्रश्न आपल्या पुस्तकात येत नाही. आमच्या घरात सध्या तोच चाललाय. गावाने श्रमदानाचं ठरवलंय आणि सगळ्यात वरचा माळ आमचा आहे.

आधी गणित बघू. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. वळवाची 25 मिलिमीटरची एक सर आली की अडीच लाख लिटर! उघड्या माळावरून त्यातलं निम्मं वाहून जातं असं धरा, म्हणजे सव्वा लाख लिटर, आणि सोबत माती. सलग समतल चर 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल घेतला तर एका मीटरमध्ये 180 लिटर मावतात. सव्वा लाखाला 180 ने भागा. हेक्टरी जवळपास 700 मीटर चर हवा. शंभर-शंभर मीटरच्या सात ओळी.

चर समपातळीत नसेल तर तो चर नाही, ओढाच. पाणी एका टोकाला धावतं आणि तिथून फोडून निघतं. त्यासाठी डंपी लेव्हल लागतेच असं नाही. गावोगाव हायड्रोमार्कर वापरतात : मापाच्या दोन काठ्या आणि त्यांना बांधलेली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी एकाच आकड्यावर आलं की फक्की टाकायची. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढंच. (लॅबमध्ये लेव्हल लावायला आपण घालवतो त्या वेळात गावातली पोरं अर्धी ओळ आखून मोकळी होतात.)

एक सावधगिरी मात्र हवी. चर माळावर ठीक. खाली काळ्या रानात पाणी असं अडवून धरलं तर ते तुंबतं, पीक पिवळं पडतं, उन्हाळ्यात बांधाला भेगा जातात. तिथे किंचित उताराचे ढाळीचे बांध घालून जादा पाणी सांडव्याने काढून द्यावं लागतं.

आता आबांचं म्हणणं. "खड्डं आमच्या रानात आन् पाणी खालच्यांच्या हिरीत. ह्यो कुठला न्याय?" तात्या म्हणतात, गावाच्या कामात असं मोजू नये. मला विचाराल तर आबांचं मोजणं बरोबर आहे. 700 मीटर चराखाली हेक्टरी चार गुंठे जातात आणि मातीच्या भरावाखाली जवळपास तेवढेच. शिवाय गवत येईपर्यंत चराईबंद. आमच्या शेळ्या कुठे न्यायच्या?

हा तिढा विलासराव साळुंखे यांनी फार पूर्वी ओळखला होता. ते स्वतः इंजिनिअर, पुण्यात कारखानदार. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची 40 एकर जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणलोटाचं काम केलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी : माणसामागे अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. खर्चातला 20 टक्के हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा.

हिवरे बाजारचं नाव आपण जास्त घेतो आणि ते योग्यच आहे. जेमतेम 400 मिलिमीटर पावसाच्या त्या गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, पाण्याचा ताळेबंद मांडला. पण तिथला चर सगळ्यांना आठवतो, बंदी पाळणारा माणूस आठवत नाही. आमच्या गावच्या बैठकीतही पोकलेन कुणाचं आणायचं यावर दोन तास गेले, वाटणीवर दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत निघालेला तोडगा असा. माळावरचं गवत कापायचा हक्क आमचाच. ते येईपर्यंत खालच्या विहीरवाल्यांनी आम्हाला कडबा द्यायचा. भरावावर सीताफळ लावायचं, फळ आमचं. आणि खालच्या विहिरींना पाणी वाढलं तर रब्बीत आमच्या ज्वारीला दोन पाळ्या. खालच्यांना पहिल्या तीन गोष्टी मान्य आहेत. चौथीवर ते "बघू की" म्हणतात.

आबांची अट एकच आहे : चारही गोष्टी ग्रामसभेच्या ठरावात, सह्यांनिशी. त्याशिवाय टिकाव लावू देणार नाहीत. ग्रामसभा परीक्षेनंतरच्या आठवड्यात आहे. नळी आणि काठ्या मी इथूनच घेऊन जाणार आहे. ठरावाचा मसुदाही रूमवर लिहून झालाय. चौथं कलम सगळ्यात वर घातलंय.