मुदत संपलेली औषधे : कोठीत आणि घरात

घरचा आजारी माणूस बरा झाला किंवा देवाघरी गेला, की उरलेल्या गोळ्या रविवारी मिस्साला येताना सिस्टरांच्या वृद्धाश्रमात आणून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हेतू चांगला, पण कोठी सांभाळणाऱ्याला या पिशव्यांचाच ताप होतो. तारखेचा तुकडा आधीच कापून गेलेला असतो. अशी पट्टी टाकूनच द्यावी लागते.

पट्टीवर नुसता महिना व साल असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. मात्र ही मुदत बंद औषधाची. पाणी घालून कालवलेले अँटिबायोटिक बहुधा ७ दिवस, डोळ्यांचे थेंब महिनाभर, उघडलेले इन्शुलिन सुमारे २८ दिवस. म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहावी. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत हवे. मे महिन्यात पत्र्याखालच्या कोठीत ते राहिले, तर छापील तारखेला काही अर्थ उरत नाही.

कणगीत नवे धान्य वर ओतले की जुने तळाशी किडते. कोठीतही तेच होते. जवळच्या तारखेचा माल पुढे, लांबचा मागे ठेवावा आणि दरमहा फळी तपासावी. मुदत संपलेला माल वेगळ्या पेटीत कुलपात ठेवून वहीत नोंदवावा. नर्सिंग होमांनी तो २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून अधिकृत केंद्राकडे द्यायचा असतो.

जुने औषध विषच होते असे नाही. टेट्रासायक्लिन बिघडून मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी १९६३ साली प्रसिद्ध झाल्या, पण असे क्वचितच. खरा धोका जोर कमी होण्याचा. छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याने जिभेखाली ठेवलेली गोळी निकामी निघाली, तर दुसरी आणायला वेळ नसतो.

घरातली औषधे उकिरड्यात टाकू नयेत. तेच खत शेतात जाते. विहिरीजवळ पुरूही नयेत. औषध दुकानदार परत घेतो का, ते आधी विचारावे. गुरांना तर माणसाची उरलेली गोळी कधीच चारू नये. डायक्लोफेनॅक मुदतीतले असले तरी नाही : ते दिलेल्या गुरांचे मेल्यावर मांस खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर देशात बंदी आली.