बारीक माणसाच्या रक्तात चरबी कुठून येते?
(इयत्ता ९ वी व १० वी, विज्ञान : पूरक वाचन)



मागच्या आठवड्यात वर्गात आहाराचा पाठ चालू होता. तास संपल्यावर एक मुलगी घडी घातलेला कागद घेऊन टेबलापाशी आली. तिचे वडील इथेच, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांच्या रक्ततपासणीचा तो कागद होता. 'ट्रायग्लिसराइड' या शब्दापुढे २३८ आकडा आणि त्याखाली पेनाने ओढलेली रेघ.

"सर, पप्पा तर काडीसारखे बारीक आहेत. चरबी जाड माणसांना असते ना? मग हे चुकलं असेल का?"

प्रश्न इतका चांगला होता, की आजचा पाठ त्याच्यावरच.

१) मेदाम्ल म्हणजे काय?

तेल, तूप आणि अंगातली चरबी यांची मूळ रचना एकच असते. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन रेणू जोडले, की ट्रायग्लिसराइड तयार होतं. रक्त पाण्यासारखं, तेल त्यात विरघळत नाही. म्हणून मेद प्रथिनांच्या वेष्टनात बसून रक्तातून फिरतो. थोडी मेदाम्लं सुटीही असतात, ती अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून जातात. उपाशीपोटी केलेल्या तपासणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं.

ही मेदाम्लं किती आणि कोणती असतील, हे ठरवण्यात तिघांचा वाटा असतो: अंगातली चरबी, ताटातलं अन्न आणि जनुकं.

२) पहिला वाटा : अंगातली चरबी

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ते बँकेतल्या खात्यासारखं आहे, रोज भरणा आणि रोज उचल. जेवल्यावर इन्शुलिन वाढतं आणि उचल थांबते. पोट रिकामं झालं, की चरबीतून मेदाम्लं सुटून रक्तात येतात. पण पोटाच्या आत चरबी जास्त साठली, की इन्शुलिनचा धाक कमी होतो. मेदाम्लं गरज नसतानाही सुटत राहतात. यकृत ती गोळा करतं, त्यांचं ट्रायग्लिसराइड बनवतं आणि पुन्हा रक्तात सोडतं.

"पण पप्पा बारीक आहेत ना!" याचं उत्तर आपल्या शेजारी पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखंच म्हणतो, शरीर मात्र वेगळंच सांगतं.

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी फारशी कमी नाही. म्हणजे 'दिसायला बारीक, आतून चरबीदार' ही आपली ठेवण जन्मापासूनच दिसते.

३) दुसरा वाटा : ताट

लिनोलेइक (ओमेगा-६) आणि अल्फा-लिनोलेनिक (ओमेगा-३) ही दोन मेदाम्लं आपलं शरीर बनवू शकत नाही. ती खाल्ली तरच रक्तात दिसतात. आपल्या ओळखीची तेलं बघा:

• करडई, सूर्यफूल : लिनोलेइक भरपूर (काही सुधारित वाण सोडून)
• शेंगदाणा : ओलेइक जास्त, त्याखालोखाल लिनोलेइक
• पामतेल : जवळपास निम्मी मेदाम्लं संपृक्त
• जवस : निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक

आता गंमत बघा. पामिटिक हे संपृक्त मेदाम्ल यकृत स्वतः बनवू शकतं, तेही साखरेपासून! म्हणून डब्यातल्या भाजीत तेल बेताचं असलं, तरी दिवसभरात सात-आठ कप गोड चहा आणि सोबत बिस्किटं झाली, तर जास्तीच्या साखरेचा मेद होतो. रक्तातली चरबी फक्त तेलातूनच येते, हा गैरसमज इथे सोडून द्या.

४) तिसरा वाटा : जनुकं

लिनोलेइकपासून शरीर अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवतं. त्यासाठी लागणाऱ्या एका विकराची कृती 'एफएडीएस-२' या जनुकात असते. काही लोकांत या जनुकात २२ अक्षरांचा एक जादा तुकडा असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुण्यातल्या मुख्यतः शाकाहारी लोकांपैकी ६८ टक्के जणांत दोन्ही प्रतींवर तो तुकडा सापडला. अमेरिकेतल्या गटात हे प्रमाण फक्त १८ टक्के होतं. तो असला, की वनस्पतीतल्या मेदाम्लापासून अ‍ॅराकिडोनिक जास्त बनतं. मांस-मासे न खाणाऱ्या पिढ्यांना याचा फायदा झाला असावा, असं संशोधक म्हणतात.

पण तोच विकर ओमेगा-३ वरही काम करतो. ताटात ओमेगा-६ फार आणि ओमेगा-३ नाहीच, तर तो एकाच कामात गुंतून राहतो. म्हणजे जनुक एकच, परिणाम मात्र ताटावर अवलंबून.

५) मग करायचं काय?

त्या मुलीला मी सांगितलं, कागद आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, थायरॉइडचा विकार, दारू, काही औषधं यांमुळेही हा आकडा वाढतो. ते तपासणं डॉक्टरांचं काम, आपलं नाही. घरी मात्र वजनाबरोबर कंबरही मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. चहातली साखर कमी करा, रोज चाला, आणि आजीची जवसाची चटणी पुन्हा ताटात येऊ द्या. चटणी हे औषध नव्हे, पण ओमेगा-३ ची उणीव थोडी भरून निघते.

जनुकं बदलता येत नाहीत. ताट आणि कंबर या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

स्वाध्याय

१. उपाशीपोटी असताना रक्तातली सुटी मेदाम्लं का वाढतात?
२. तेल कमी खाऊनही ट्रायग्लिसराइड वाढू शकतं. कारण लिहा.
३. सारख्या वजन-निर्देशांकाच्या दोन माणसांत चरबी वेगळी असू शकते, हे उदाहरणाने स्पष्ट करा.
४. उपक्रम : घरातल्या तेलाच्या पिशवीवरचा पोषणतक्ता वाचा. १०० ग्रॅममध्ये संपृक्त मेद किती ते वहीत लिहा आणि दोन मित्रांच्या घरच्या तेलाशी तुलना करा.