इंग्रजीच्या तासाला आम्ही खेळतो ते का?



गेल्या महिन्यात माझे बाबा काही कामासाठी शाळेत आले होते. तेव्हा आमचा इंग्रजीचा तास चालू होता आणि आम्ही व्हरांड्यात पळत होतो. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "काय गं, शाळेत अभ्यास करता का नुसता दंगा?" मी म्हटले, "अभ्यासच चालला होता." बाबांना ते काही पटले नाही. म्हणून मी हा लेख लिहिला आहे. बाबांनी तो उभे राहून पूर्ण वाचावा.

बाबांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. बाबांनी पाचवीत एकदम एबीसीडी आणि स्पेलिंगे पाठ केली. ती त्यांना अजून येतात. पण इंग्रजीत बोला म्हटले की ते म्हणतात, "चहा झाला का बघ."

आता आमचे खेळ सांगते. पहिला खेळ तुम्हांला माहीत आहे, 'शिवाजी म्हणतो'. बाई तो इंग्रजीत घेतात. 'टीचर सेज' असे आधी म्हटले तरच करायचे, नाहीतर बाद. 'टीचर सेज, टच युअर नोज' म्हटले की नाकाला हात. 'टोज' म्हटले की पायाच्या बोटांना. अर्धा वर्ग नाक धरतो आणि अर्धा वाकतो! ह्यात लिहायचे काही नसते, फक्त कान उघडे ठेवायचे.

दुसरा खेळ भेंड्यांचा. मराठी भेंड्यांत शेवटी जो आवाज येतो तो धरतात. इंग्रजीत आवाज धरून चालत नाही, अक्षर धरावे लागते. 'नाईफ' म्हणजे सुरी. आपल्याला वाटते हा शब्द एनने सुरू होतो आणि एफने संपतो. पण त्याचे स्पेलिंग के-एन-आय-एफ-ई. के आणि ई दोन्ही मुके! टेबल, हॉर्स, हाऊस, ॲपल हे सगळे शब्द ईवर संपतात. मग समोरच्या गटाला सारखा ई येतो. एलिफंट आणि एग संपले की ते रडकुंडीला येतात. पण आम्ही एक युक्ती शोधली आहे. डोळ्याला 'आय' म्हणतात, त्याचे स्पेलिंग ई-वाय-ई. ई आला की 'आय' म्हणायचे, ई परत त्यांच्याच अंगावर. (ही युक्ती आता सगळ्यांना कळणार, पण चालेल.)

एकदा एम आला तेव्हा एक मुलगा 'मंगूस' म्हणाला. आम्ही ओरडलो, "हा मराठी शब्द आहे, बाद!" बाईंनी शब्दकोश उघडून दाखवला. मुंगसाला इंग्रजीत मंगूसच म्हणतात आणि तो शब्द त्यांनी मराठीतूनच घेतला आहे. त्या गटाला गुण मिळाला. तोही ईवर संपतो.

तिसरा खेळ वाक्याच्या आगगाडीचा. बाबांनी पाहिला तो हाच. एकेका मुलाच्या हातात एकेक कार्ड असते. 'धिस', 'इज', 'अ', 'बुक' आणि शेवटी पूर्णविराम. पाच जण ओळीत उभे राहतात. मराठीत 'हे पुस्तक आहे' यात 'आहे' शेवटी येते. इंग्रजीत 'इज' मध्येच घुसते. 'बुक'च्या जागी 'एग' आले की 'अ' खाली बसतो आणि 'ॲन' उभा राहतो. बाईंनी टाळी वाजवली की प्रश्न करायचा. मराठीत काय, नुसते 'का' मागे जोडले की झाले, कोणाला जागचे हलावे लागत नाही. इंग्रजीत 'इज'ने पळत 'धिस'च्या पुढे जायचे, आणि पूर्णविराम जाऊन प्रश्नचिन्ह येते. 'इज धिस अ बुक?' म्हणून 'इज'चे कार्ड सगळ्यांना हवे असते.

चौथा खेळ कानगोष्टींचा. ह्यात माझ्याकडून एक चूक झाली, ती पण लिहिते. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या घरी मेंढरं आहेत. त्याला विचारूनच लिहीत आहे, पण नाव नको म्हणाला. पाऊस संपला की त्यांचा वाडा चाऱ्यासाठी लांब जातो, तेव्हा तो बरेच दिवस शाळेत नसतो. त्यामुळे गट पाडताना त्याला कोणी आधी घेत नाही. मी पण घेत नव्हते.

त्या दिवशी तो आमच्या गटात आला. बाईंनी पहिल्या मुलीच्या कानात एक वाक्य सांगितले. ते कानोकानी शेवटपर्यंत जायचे आणि शेवटच्याने फळ्यावर चित्र काढायचे. तो चौथा होता, मी पाचवी. शेवटच्या मुलाने झोकात जहाज काढले, शिडासकट. सगळे हसले. वाक्य होते 'धिस इज अ शीप', म्हणजे मेंढी. मी लगेच म्हटले, "ह्याच्यामुळे झाले. हा शाळेतच नसतो."

बाईंनी पहिल्यापासून एकेकाला मोठ्याने म्हणायला लावले. तो स्पष्ट म्हणाला, "शीप." दीर्घ. मग माझी पाळी आली. मी म्हटले, "शिप." ऱ्हस्व. शिप म्हणजे जहाज. आपण मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घ लिहितो एक आणि बोलतो एक, तसे मी केले. वर्गात कोणी काही बोलले नाही.

बाईंनी आणखी सांगितले की एक मेंढी असो की पुष्कळ, इंग्रजीत शीपच, पुढे एस लागत नाही. कोकराला 'लॅम' म्हणतात, त्याच्या शेवटी मुका बी असतो. तो मुलगा म्हणाला, "म्हंजी आमची दीडशे मेंढरं बी शीपच?" बाई म्हणाल्या, "हो." तो लई खूश झाला.

मी त्याला सॉरी म्हटले नाही. तोंडातून निघालेच नाही. पुढच्या आठवड्यात मी गटप्रमुख होते, तेव्हा 'इज'चे कार्ड त्याला दिले. टाळी वाजली आणि तो असा पळाला की थेट 'बुक'च्या मागे जाऊन उभा राहिला, मराठीतल्या 'का'सारखा! आम्ही परत हरलो. मी काही बोलले नाही. दुसऱ्या फेरीला तो बरोबर 'धिस'च्या पुढे आला. आता मधल्या सुट्टीत तो मला शीप, लॅम, गोट, डॉग म्हणून दाखवतो आणि मी स्पेलिंग सांगते.

आमची कार्डे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर केलेली आहेत. 'इज'ची तीन कार्डे पळून पळून फाटली. ज्या पालकांच्या घरी जाड लग्नपत्रिका पडून असतील त्यांनी मुलांबरोबर शाळेत पाठवाव्यात. बाबा, आपल्या घरी मामाच्या लग्नाच्या आठ आहेत, ट्रंकेत.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी