सगळेच फॉर्म भरू नका, आधी मुलाला विचारा

खापरच्या ताई-दादांनो,

मूल बारावीत गेलं की आपल्याकडे घरोघर एकच विचार सुरू होतो: फॉर्म कुठले कुठले भरायचे? नीट, जेईई, सीईटी, सीयूईटी अशी नावं कानावर येतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "भरून टाका सगळेच, एखाद्यात तरी नंबर लागेल." यामागची माया मला कळते. ज्या घरातून आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्या घराला एकही वाट सुटू नये असं वाटणारच. तरीही मी तुम्हाला कळकळीनं सांगते, या सगळ्या परीक्षांचा अभ्यास एकसारखा नसतो. चार परीक्षांमागे धावणारं मूल बहुतेक वेळा चारही ठिकाणी अर्ध्या तयारीनं बसतं. म्हणून आधी शिक्षण ठरवा, मग त्याला लागणारी परीक्षा, आणि मग त्या परीक्षेतले विषय.

आपल्या मुलांना सर्वांत जवळची परीक्षा म्हणजे राज्याची एमएचटी-सीईटी. तिचे दोन ग्रुप आहेत. पीसीएम म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. पीसीबीमध्ये गणिताच्या जागी जीवशास्त्र. अभियांत्रिकीला जायचं असेल तर पीसीएम हवं. शेतकीची पदवी आणि बी.फार्मसी यांना मात्र दोन्हींपैकी कुठलाही ग्रुप चालतो. हे माहीत नसल्यामुळे काही मुलं अकरावीपासून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ओढत राहतात आणि दोन्हीत मागे पडतात. मुलीला शेतकी किंवा फार्मसीच करायची असेल, तर तिला जे जमतं ते एक घेऊ द्या. बी.फार्मसीसाठी अक्कलकुव्यातही कॉलेज आहे, हे ध्यानात असू द्या. जिचं अजून काहीच ठरलेलं नाही आणि जिला दोन्ही विषय खरोखर झेपतात, तिनं दोन्ही ठेवायला हरकत नाही. पण "राहू दे, पुढे कामाला येईल" एवढ्याच कारणासाठी ओझं वाढवू नका.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक ग्रुप 200 गुणांचा असतो. गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. गणिताची भीती असलेल्या मुलाला शेजारच्याचं बघून पीसीएममध्ये घालण्याआधी हा आकडा आठवा. भाषेचंही बघा. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. घरात देहवाली किंवा अहिराणी, आश्रमशाळेत मराठी आणि अकरावीला अचानक इंग्रजी, अशा तीन भाषांच्या चढणीवरून आपली मुलं येतात. ती मागे पडतात तेव्हा अनेकदा डोकं कमी पडलेलं नसतं, भाषा अडलेली असते.

डॉक्टर व्हायचं तर वाट एकच, नीट. एमबीबीएस, बीडीएसप्रमाणे बीएएमएस आणि बीएचएमएसलाही नीटच लागते. 720 गुणांपैकी निम्मे जीवशास्त्राचे असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलं तर एक जातो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, त्यामुळे डॉक्टरकीसाठी पुणे-मुंबईलाच गेलं पाहिजे असंही आता राहिलेलं नाही.

आता पुस्तकांची गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. एमएचटी-सीईटी आपल्या बोर्डाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते, तिला बालभारतीची पुस्तकं पक्की झाली की मोठं काम झालं. त्यातही बहुतेक भार बारावीचा असतो, अकरावीचा साधारण पाचवा हिस्सा. नीट आणि सीयूईटीला मात्र एनसीईआरटीची पुस्तकं वाचावी लागतात. ती इंटरनेटवर फुकट मिळतात. हजारो रुपयांच्या क्लासचा विचार करण्याआधी मुलाच्या हातात योग्य पुस्तक आहे ना, एवढं तरी बघा.

सीयूईटीबद्दल आपल्या भागात फार कमी बोललं जातं. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, अमरकंटकचं इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांत पदवीला जाण्यासाठी 2022 पासून ही परीक्षा आहे. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल आवडणाऱ्या कला शाखेच्या मुलांसाठी ही फार मोठी संधी आहे. इथे विषय आपण निवडायचे असतात. 2025 मध्ये 37 विषयांतून जास्तीत जास्त पाच निवडता येत होते. त्यात 13 भाषा, 23 मुख्य विषय आणि एक सामान्य चाचणी. भाषांमध्ये मराठीही आहे.

खरी गफलत होते ती या निवडीतच. विषय मुलानं निवडले तरी कुठल्या अभ्यासक्रमाला कुठले विषय लागतात हे विद्यापीठ ठरवतं. दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या ऑनर्स पदवीला भौतिक, रसायन, गणित आणि शिवाय एक भाषा लागते. तिन्ही शास्त्रांत छान गुण मिळाले आणि भाषेचा पेपरच निवडलेला नसला, तर तो अर्ज तिथेच थांबतो. इंग्रजी साहित्य शिकायचं असेल तर इंग्रजीचाच पेपर हवा, तिथे मराठीवर भागत नाही. म्हणून फॉर्मला हात लावण्याआधी तीन-चार अभ्यासक्रमांची नावं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे त्याला लागणारे विषय लिहा. सगळीकडे येणारे विषय आधी निवडा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाकडून वाचून घ्या, थोरल्या भावाच्या वेळचं गृहीत धरू नका.

आपल्या जिल्ह्यातले पालक ज्यांचं नाव अभिमानानं घेतात ते डॉ. राजेंद्र भारूड अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले, मुंबईत केईएममधून डॉक्टर झाले, मग आयएएस झाले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून परत आले. आधी एक वाट धरली, ती पार केली, मग दुसरी धरली. सतराव्या वर्षी निवडलेल्या विषयावर जन्म संपत नाही. ही गोष्ट मुलांना सांगा, त्यांचं मन जरा हलकं होईल.

एक अडचण मात्र अभ्यासाची नाही, ती आपल्या घराची आहे. दिवाळीनंतर आपल्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बार्डोलीकडे, कामाला सुरतेकडे जातात. नेमके त्याच महिन्यांत हे फॉर्म सुटतात. फॉर्मवर बापाचा मोबाइल नंबर, बाप उसाच्या फडात, आणि ओटीपी तिकडे जातो. मूल इकडे सायबर कॅफेत ताटकळत बसतं, आणि घाईत दुकानदार सुचवेल ते विषय टाकले जातात. म्हणून नंबर असा द्या की जो फोन मुलाजवळ राहील. ईमेल आणि पासवर्ड मुलाच्या वहीत लिहिलेला असू द्या.

कागदपत्रांचंही तसंच. जमातीच्या दाखल्यावर राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्र मागतात आणि त्याची तपासणी समिती नंदुरबारला आहे. बारावीच्या निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज टाका. केंद्रीय विद्यापीठांना दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, तो वेगळा काढून ठेवा. वसतिगृह मिळालं नाही तर शासनाची स्वयं योजना आहे, तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात तिची चौकशी करा.

शेवटी एकच मागणं. यंदा गाव सोडण्याआधी एक संध्याकाळ मुलासाठी राखून ठेवा. त्याला तीन गोष्टी विचारा: तुला कुठला विषय वाचताना कंटाळा येत नाही? कुठल्या विषयाची भीती वाटते? पाच वर्षांनी काय काम करायला आवडेल? उत्तर ऐकून घ्या, मध्येच "डॉक्टरच हो" म्हणू नका. मग त्याच्या शिक्षकांना भेटून एक मुख्य परीक्षा ठरवा, आणि आधार म्हणून दुसरी, जिचा अभ्यास पहिलीशी जुळतो. नीटबरोबर सीईटीचा पीसीबी ग्रुप, अभियांत्रिकीच्या जेईईबरोबर पीसीएम, कला शाखेला सीयूईटी आणि जवळच्या कॉलेजचा साधा अर्ज. बाकीच्या फॉर्मचे पैसे वाचतील, ते पुस्तकांना आणि परीक्षेच्या प्रवासाला घाला. निवड मुलाची असू द्या, आणि ती निभावायला आपण त्याच्या पाठीशी आहोत हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.