घरचा संगणक, दुकानाचा हिशेब

व्यापारी बांधवांच्या घरी बहुधा एकच संगणक असतो. दिवसा मुलांचा अभ्यास, रात्री जीएसटीची बिले. तो मंदावला की नवा घ्या, असा सल्ला मिळतो. आधी पेटी उघडून पाहावी. भिवंडी-मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात सुताचे तंतू हवेत उडतात आणि पंख्यात जाऊन बसतात. उष्णता कोंडते व प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो. वीज बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअरने हवा मारावी. जुनी फिरती हार्डडिस्क असल्यास एसएसडी बसवावी. नव्या यंत्राहून खर्च कमी, फरक मोठा.

हिफाजतीचा मामला याहून गंभीर आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरच्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली. वास्तविक त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती! तरीही अपडेट म्हटले की आपण 'नंतर' दाबतो. विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हेही ध्यानात घ्यावे. चोरीची विंडोज स्वस्तात टाकून देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे.

जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. म्हणून दर आठवड्याला त्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि डिस्क लगेच काढून तिजोरीत ठेवावी. जोडलेली राहिली तर कुलूप तिलाही लागते. महिन्यातून एकदा ती नक्कल उघडते का, हेही पाहावे.