शिक्क्याआधी कागद बघ

नेदरलंड्सचं नक्की झालं ना, मग बॅगा भरायच्या आधी कागद बाहेर काढ. तिथं पोचल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्या वेळी तुझा आणि जावईबापूंचा जन्मदाखला लागतो, लग्नाचा दाखला लागतो, आणि ते अपोस्टिल झालेले हवेत. इथून जाताना झालं तर काम सोपं. तिकडून कुरिअरने कागद फिरवत बसणं फार जिवावर येतं.

अपोस्टिल काय करतं ते आधी समजून घे, कारण गोंधळ तिथंच होतो. १९६१ साली हेगला झालेला करार मानणारे देश एकमेकांचे सरकारी कागद एका शिक्क्यावर स्वीकारतात. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. आपल्याकडे हा शिक्का परराष्ट्र मंत्रालय देतं. चौकोनी स्टिकर असतो, त्यावर दहा बाबी: देश कुठला, सही कोणाची, हुद्दा काय, तारीख, क्रमांक वगैरे. पण सही आणि मोहोर खरी आहे, एवढंच तो सांगतो. आतला मजकूर बरोबर आहे की नाही, याची हमी कोणी देत नाही. दाखल्यात तुझ्या नावाची वेलांटी चुकली असेल, तर ती चूक शिक्क्यासकट हॉलंडला पोचेल.

म्हणून दाखला हातात घेऊन अक्षर न् अक्षर वाच. जुन्या जन्मदाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली. तुझा तसा असेल तर जिथं नोंद आहे तिथंच नाव घालून नवा दाखला घ्यावा लागेल. आणि तुझी नोंद आहे बेळगावात. पहिलं बाळंतपण माहेरी, तुझ्या आईचं माहेर बेळगाव, म्हणजे तुझा दाखला कर्नाटक सरकारचा. त्याची राज्यपातळीवरची पडताळणी कर्नाटकातच होणार; मुंबईच्या मंत्रालयात नेऊन उपयोग नाही. पदवी पुण्याची आहे, ती मात्र महाराष्ट्राकडे. कागद ज्या राज्याने दिला, तिथूनच त्याचा प्रवास सुरू होतो, तू राहतेस कुठे याला महत्त्व नाही. आधी राज्याचा संबंधित विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय, हा क्रम उलटा करू नकोस.

आता नावाचं. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टात वेगळीच मांडणी. त्यात लग्नानंतर तू नाव बदललंस. तिकडच्या कारकुनाला ही सगळी एकच बाई आहे हे कळणार कसं? माहेरच्या आणि सासरच्या नावातला दुवा म्हणजे लग्नाचा दाखला. त्यात दोन्ही नावं पूर्ण, पासपोर्टाशी जुळतील अशी हवीत. मंगल कार्यालयाने किंवा गुरुजींनी दिलेला कागद चालत नाही, विवाह निबंधकाचाच लागतो. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर राजपत्रात नावबदल करून घे. वेळ जातो, पण पुढची वर्षं सुखाची जातात.

लॅमिनेशन मात्र अजिबात करू नकोस. जपून ठेवायच्या हौसेने आपल्याकडे दाखले प्लॅस्टिकमध्ये घालतात, आणि मग शिक्का मारायला कागदच उरत नाही. तसा झाला असेल तर दुसरी प्रत काढ.

परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी प्रति कागद पन्नास रुपये आहे, वर कागद गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेचं सेवाशुल्क. कोणी एजंट मोठा आकडा सांगायला लागला तर त्यात काय काय धरलंय ते लिहून माग. मूळ कागद कोणाच्याही हाती देण्याआधी दोन्ही बाजूंनी स्कॅन कर. भाषांतर लागलं तर ते अपोस्टिलनंतर कर, म्हणजे स्टिकरचंही भाषांतर होईल. दाखला किती जुना चालतो हेही आधी विचार; काही ठिकाणी ताजाच मागतात.

जावईबापूंना पुढे दुबईची बदली आली, तर हे अपोस्टिल तिथं पुरणार नाही. अमिराती त्या करारात नाहीत. तिथं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, मग त्यांच्या दूतावासाचा शिक्का, आणि पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा, असा लांबचा रस्ता आहे. ओमान आणि सौदी मात्र करारात आहेत, त्यामुळे ‘आखात म्हणजे सगळं एकच’ असं कोणी सांगितलं तर मानू नकोस.

आणखी एक कागद राहिला. तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र शक्यतो जायच्या आधीच दुय्यम निबंधकाकडे नोंदवून दादाच्या हाती दे. राहिलंच, तर नेदरलंड्समधल्या नोटरीसमोर सही करून अपोस्टिल घे, किंवा हेगच्या आपल्या दूतावासात जाऊन सही कर. तो कागद इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत दादाने त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. कुरिअरचं पाकीट फेकू नकोस म्हणून त्याला सांग, पोचल्याची तारीख त्यावरच असते.